सिनेमातून तत्त्वज्ञान शिकायचं तर कसं शिकायचं

बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी राशोमोन या जपानी सिनेमावर पहिला सेमिनार पेपर लिहिला होता, अकरा पानं, आणि त्यातली नऊ पानं नुसती स्टोरी होती, जंगलात काय झालं, मग दरोडेखोर काय म्हणाला, मग बाई काय म्हणाली, मग मेलेला नवरा दुसऱ्याच्या अंगात येऊन काय बोलला. सरांनी शेवटच्या पानावर लाल पेनानं एवढंच लिहिलं होतं, पिक्चर मी बघितलाय, तू काय विचार केला ते लिही. लई लागलं होतं तेव्हा. आता मी एका तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर तत्त्वज्ञान शिकवायलोय आणि दरवर्षी तीच नऊ पानं वेगवेगळ्या अक्षरात माझ्याकडं येतात. म्हणून एकदा सगळं बैजवार लिहून काढायलोय, ज्यांना बीए-एमएला असा पेपर आहे, किंवा प्रोजेक्टला सिनेमा घ्यायचाय, किंवा ज्यांना हे शिकवायचंय त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. सिनेमा म्हणजे पुस्तकातल्या सिद्धांताचं चित्र नव्हे. बऱ्याच ठिकाणी कसं चालतं, सर प्लेटोची गुहा शिकवतात, मग १९९९ चा मॅट्रिक्स लावतात, पोरं म्हणतात हां सर कळलं, तास संपला. यात सिनेमानं काय केलं? जे पुस्तकात होतं तेच रंगीत करून दाखवलं. एवढंच करायचं असेल तर दोन तास घालवायची गरज नाही, फळ्यावर गुहा काढली तरी भागतं. माझं मत स्पष्ट आहे, तत्त्वज्ञानाच्या वर्गात सिनेमा तेव्हाच आणायचा जेव्हा त्यात असं काहीतरी आहे की ज्याच्यापुढं पुस्तकातलं वाक्य अडखळतं. ती अडखळायची जागा शोधणं हाच तुमचा अभ्यास.

प्लेटोची गुहाच घ्या ना. रिपब्लिकच्या सातव्या भागात ती आहे, कैदी लहानपणापासून बांधलेले, मागं जाळ, आणि समोरच्या भिंतीवर सावल्या, त्यांना त्या सावल्याच खऱ्या वाटतात. आमचे आजोबा माळेगावच्या जत्रेत तंबूत पिक्चर बघायला जायचे, ते सांगायचे की पैसे कमी असले की पडद्याच्या मागच्या बाजूनं बसायचं, तिथून सगळं उलटं दिसायचं, हिरो डाव्या हातानं तलवार चालवायचा. आणि लहान पोरं पडदा सोडून मागं वळून मशीनच्या उजेडाकडं बघत बसायची. मी वर्गात हे सांगतो आणि विचारतो, यातला गुहेतून सुटलेला कोण? मशीनकडं बघणारं पोरगं? पण त्याला कुणी बांधलेलंच नव्हतं, आणि मशीन बघून झालं की ते परत पडद्याकडंच वळलं, सावली आहे हे माहीत असून सावलीत रमलं. प्लेटोचा कैदी सुटल्यावर परत सावलीत रमत नाही. मग तिकीट काढून, समजून उमजून सावली बघणारा माणूस प्लेटोच्या हिशोबात कुठं बसतो? एवढ्यावरच एक अख्खा पेपर होतो, आणि त्याला एकही सिनेमा डाउनलोड करावा लागत नाही.

आता सिनेमा निवडायचा कसा. "तत्त्वज्ञानावरचे दहा सिनेमे" असल्या याद्या बघून निवडू नका, त्यातले निम्मे सिनेमे तुम्हाला स्वतःहून बघावेसेच वाटणार नाहीत आणि जे बघावंसं वाटत नाही त्यावर विचार होत नाही. मी तीन गोष्टी बघतो. एक, सिनेमा दोन तासांच्या आतबाहेरचा पाहिजे, कारण तो तीनदा बघायचाय. दोन, त्यातली निदान एक भाषा तुम्हाला सबटायटल न वाचता कळली पाहिजे, निदान पहिल्या सिनेमाला तरी, कारण इंग्रजी सबटायटल वाचण्यात डोळे गुंतले की चेहरे, हात, मागं उभी माणसं काहीच दिसत नाही. तीन, बघून झाल्यावर दुसऱ्या दिवशी पण डोक्यात काहीतरी खुपत राहिलं पाहिजे. तिसरी गोष्ट नसेल तर बाकीच्या दोन असून उपयोग नाही.

तीनदा बघायचं म्हणजे कसं ते सांगतो. पहिल्यांदा नुसता बघा, वही नको, थांबवायचं नाही, फोन दुसऱ्या खोलीत. रडू आलं तर रडा. आपल्याकडं भरत मुनीपासून अभिनवगुप्तापर्यंत रसावर एवढा विचार झालाय तो काय उगीच नाही, भाव आधी अंगात यावा लागतो, मगच त्याची चिकित्सा. दुसऱ्यांदा वही घेऊन बसा, पानावर दोन रेघा ओढून तीन रकाने करा, पहिल्यात काय दिसलं, दुसऱ्यात काय ऐकू आलं, तिसऱ्यात मला काय प्रश्न पडला, आणि प्रत्येक नोंदीसमोर मिनिट-सेकंद टाका. हे मिनिट-सेकंद टाकायला पोरं कंटाळतात आणि मग पेपर लिहायच्या आदल्या रात्री एक सीन शोधायला पूर्ण सिनेमा पुढं-मागं करत बसतात. तिसऱ्यांदा पूर्ण सिनेमा बघायचाच नाही, एकच सीन, तीन ते पाच मिनिटांचा, एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून नुसता आवाज. आवाज बंद केला की कॅमेरा कुठं ठेवलाय ते कळतं. डोळे मिटले की कोण कोणाला बोलू देत नाही ते कळतं.

हे सगळं मी एका सिनेमावर करून दाखवतो, म्हणजे हवेत राहणार नाही. चैतन्य ताम्हाणेचा कोर्ट, २०१४ चा. नारायण कांबळे नावाचा म्हातारा लोकशाहीर, त्याच्यावर आरोप काय, तर त्यानं वस्तीत गायलेल्या गाण्यामुळं वासुदेव पवार नावाच्या गटार साफ करणाऱ्या कामगारानं मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. कथा एवढीच सांगायची, पेपरमध्ये पण एवढीच, दोन-तीन ओळी.

पोरं पहिला प्रश्न काढतात, नारायण कांबळे दोषी आहे का? हा प्रश्न वकिलाचा आहे. आपल्याला त्याच्या एक पायरी खाली उतरायचंय. गाणं हे मृत्यूचं कारण असू शकतं का? कारण म्हणजे काय? एक गोष्ट आधी झाली आणि दुसरी नंतर झाली एवढ्यावरून पहिलीमुळं दुसरी झाली असं म्हणता येतं का? हा प्रश्न ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाचा, १७४८ मध्ये त्यानं त्यावर लिहिलंय, आणि हाच प्रश्न आपल्या नैयायिकांचा, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांचा पण. आता बघा प्रश्न कसा बदलत गेला, माणसाच्या नावापासून सुरू झाला आणि "म्हणजे काय" पर्यंत आला. प्रश्नातून पात्राचं नाव गळून पडलं आणि तरीही प्रश्न जिवंत राहिला की समजायचं हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न.

आता सीन कुठला घ्यायचा. वासुदेवच्या बायकोची साक्ष. ती कोर्टात सांगते की तो कसं काम करायचा, हातमोजे नाहीत, मास्क नाही, वासाच्या त्रासामुळं दारू प्यायचा, गॅसमुळं एक डोळा गेलेला. आणि आत प्राणवायू आहे का हे तो कसं ओळखायचा, तर आत खडा टाकून बघायचा, झुरळ बाहेर आलं तर आत जिवंत राहता येतंय. पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला, आणि दुसऱ्यांदा बघताना वहीत तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं, हे अनुमान आहे.

न्यायशास्त्रातलं अनुमान, म्हणजे दिसतं त्यावरून न दिसणारं ओळखणं, आपण सगळे पाठ करतो, डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे, जिथं जिथं धूर तिथं तिथं आग, जशी चुलीत, या डोंगरावर पण तसाच धूर आहे, म्हणून आग आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. परीक्षेत पाच मार्काला येतं म्हणून पाठ. आता वहीत वासुदेवचं अनुमान याच पाच पायऱ्यांत मांडा. या मॅनहोलमध्ये हवा आहे. कारण झुरळ जिवंत बाहेर आलं. जिथं जिथं झुरळ जगतं तिथं तिथं माणसाला पुरेशी हवा असते, जसं कालच्या मॅनहोलमध्ये. इथं पण झुरळ बाहेर आलं. म्हणून इथं हवा आहे. आणि मग स्वतःला विचारा, यातली व्याप्ती, म्हणजे "जिथं जिथं हे तिथं तिथं ते" हा नियम, पक्की आहे का? झुरळाला लागणारी हवा आणि माणसाला लागणारी हवा सारखी आहे का? नाही. म्हणजे हा माणूस रोज एका कच्च्या व्याप्तीवर जीव टांगून खाली उतरत होता, आणि त्याला ते करावं लागत होतं कारण गॅस मोजायचं यंत्र त्याला कुणी दिलं नव्हतं. पुस्तकातल्या अनुमानात चूक झाली तर फक्त हेत्वाभास होतो, म्हणजे दिलेला हेतू खोटा ठरतो. इथं माणूस मरतो. प्रमाणशास्त्राच्या पुस्तकात हे कुठंच लिहिलेलं नाही, की खात्रीचं ज्ञान मिळवायची साधनं कुणाच्या हातात असतात आणि कुणाला झुरळावर भागवावं लागतं. सिनेमानं पुस्तकात भर घातली ती ही.

आता दुसऱ्या बाजूला सरकारी पक्षाचं अनुमान मांडा. वासुदेवनं आत्महत्या केली, कारण त्यानं ते गाणं ऐकलं. व्याप्ती काय? जिथं जिथं हे गाणं ऐकलं गेलं तिथं तिथं आत्महत्या. पण गाणं तर अख्ख्या वस्तीनं ऐकलं असणार, बाकीचे जिवंत आहेत. याला आपल्याकडं सव्यभिचार म्हणतात, हेतू आहे पण साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचं ते, नाही अशा जागा निघतात. त्याच्याही आधी, आत्महत्या झाली हेच मुळात सिद्ध नाही, अपघात असू शकतो, म्हणजे पायाच असिद्ध. तर एकाच सिनेमात दोन अनुमानं झाली, एक गटारात उतरणाऱ्या माणसाचं आणि एक शिकल्या-सवरल्या कोर्टाचं, आणि दोन्हीत व्याप्ती कच्ची असली तरी आपल्याला ती सारखी वाटत नाहीत. का वाटत नाहीत? हा तुमच्या पेपरचा शेवटचा भाग. मला वाटतं की पहिल्यात अनुमान करणारा स्वतःचा जीव पणाला लावतोय आणि दुसऱ्यात दुसऱ्याचा, पण तुमचं उत्तर वेगळं असेल तर उत्तमच, ते मांडा आणि माझं खोडून काढा.

याच सिनेमात आवाज बंद करून कोर्टाचा कुठलाही सीन बघा. कॅमेरा लांब एका जागी ठेवलेला, फारसा हलत नाही, कुणाच्या चेहऱ्याजवळ जात नाही. आपण कोर्टात मागच्या बाकावर तारखेची वाट बघत बसलोय असं वाटतं. मराठवाड्यात ज्याच्या घरात जमिनीची केस चालू आहे त्याला हे बसणं सांगायची गरज नाही. मग वहीत लिहायचं, कॅमेरा जवळ न जाण्याचा आणि न्यायाचा काय संबंध? निःपक्षपातीपणा म्हणजे लांब राहणं का? की लांब राहिल्यामुळंच दिसायचं ते राहून जातं? कॅमेऱ्याबद्दलचं एक निरीक्षण आणि त्याला जोडून एक संकल्पना, अशी जोडी जमली की तुम्ही सिनेमा वाचायला लागलात.

तत्त्वज्ञाचं काय आणि किती वाचायचं हा पुढचा प्रश्न, कारण पोरं इथंच घाबरतात. पूर्ण पुस्तक वाचू नका. दहा पानं वाचा पण चारदा वाचा. आधी मराठी विश्वकोशातली नोंद बघा, ऑनलाइन फुकट आहे. कॉलेजच्या लायब्ररीत देविदास दत्तात्रेय वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश असेल, १९७४ चा, तीन खंड, तो धूळ झटकून काढा, पारिभाषिक शब्दांना मराठीत काय म्हणायचं ते त्यात मिळतं. मग मूळ लेखकाची ती दहा पानं. फिल्म थिअरीची जाड पुस्तकं, म्हणजे कॅव्हेलचं १९७१ चं किंवा डेल्यूझचे १९८३ आणि १९८५ चे सिनेमावरचे दोन खंड, यांना पहिल्या सेमिस्टरला हात लावू नका. ती वाईट आहेत म्हणून नव्हे, लई मोलाची आहेत, पण डेल्यूझचे खंड तर बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाचा काळाबद्दलचा विचार पचवून लिहिलेत, खालची पायरी नसताना वर चढलं की पोरं नुसते शब्द उचलतात आणि पेपरभर पेरतात. आणि मराठीत लिहा. विद्यापीठात मराठीत पेपर लिहिता येत असेल तर बिनधास्त मराठीत लिहा, ज्या भाषेत तुम्ही आईशी भांडता त्या भाषेत युक्तिवाद जास्त धारदार होतो.

आता सांगतो की तत्त्वज्ञ आणि सिनेमा समोरासमोर आले की काय करायचं. फँड्री सगळ्यांनी बघितलेला असतो, नागराज मंजुळेंचा, २०१३ चा. त्यात जब्या नावाच्या दलित पोराच्या घरच्यांना गावात डुक्कर धरायला लावतात आणि शाळेतली पोरं, गावातली माणसं जमून मजा बघत बसतात, आणि जब्या त्याला आवडणाऱ्या वर्गातल्या शालूच्या नजरेला पडू नये म्हणून लपतो. एमएची पोरं लगेच म्हणतात, सर हे सार्त्र आहे. बरोबर आहे, सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञानं १९४३ च्या पुस्तकात नजरेबद्दल लिहिलंय, एक माणूस किल्लीच्या भोकातून आत डोकावतोय, तेवढ्यात मागं पावलं वाजतात, आणि क्षणात त्याला स्वतःची लाज वाटते, दुसऱ्याच्या नजरेत तो एक वस्तू होऊन जातो. जुळतंय. पण इथं थांबू नका, बहुतेक पेपर इथंच थांबतात आणि इथंच मार्क जातात.

जुळतंय ते एका परिच्छेदात उरका आणि जुळत नाही ते चार पानं लिहा. सार्त्रचा माणूस काहीतरी करत होता, चोरून बघत होता. जब्यानं काय केलं? काही नाही. त्याची लाज नजर पडायच्या आधीपासून आहे, म्हणून तर तो आधीच लपलाय. सार्त्रच्या बोळात पावलं कुणाचीही असू शकतात, उद्या तो डोकावणारा माणूसच दुसऱ्या कुणावर नजर टाकेल, नजर उलटवता येते असं सार्त्र म्हणतो. फँड्रीत नजर ठरलेल्या दिशेनंच वाहते, वरून खाली, कोण बघणार आणि कोण बघितलं जाणार हे जन्माच्या आधी ठरलंय. यासाठी सार्त्रकडं शब्द नाही, बाबासाहेबांकडं आहे, श्रेणीबद्ध विषमता. त्यांचं जातिनिर्मूलनाचं १९३६ चं भाषण काढा, जे लाहोरच्या मंडळानं रद्द केलं म्हणून त्यांना छापावं लागलं, आणि त्या उजेडात हा सीन परत बघा. आणि मग शेवट. जब्यानं भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडं येतो. म्हणजे आपल्याकडं. इतका वेळ गावासोबत आपण पण बघतच बसलो होतो ना. नजर उलटवायला सार्त्रच्या माणसाला नुसतं बघणं पुरतं, जब्याला दगड लागतो. मी हे वर्गात शिकवताना कुणी लगेच बोलत नाही, आणि मी पण बोलायला लावत नाही, कारण समोरच्या बाकांवर दोन्ही बाजूंची पोरं बसलेली असतात. हे शिकवणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, कुणालाही तुझा अनुभव सांग म्हणून उभं करू नका. ज्याला सांगायचंय तो सांगेल, लिहून देईल.

राशोमोनकडं परत येतो, कारण त्यावर मी एकदा चुकलोय. कुरोसावाचा, १९५० चा, ८८ मिनिटांचा. एक खून, चार जणांची चार वेगळी सांगणी. यावर आपल्याकडं सगळे एकच लिहितात, हा अनेकांतवाद आहे, म्हणजे प्रत्येकाला सत्याची एकच बाजू दिसते हा जैन विचार, हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट. मी वर्ग घेऊन वेरूळला जातो, ३४ लेण्यांतली ३० ते ३४ जैन लेणी, मंगळवार सोडून जा, मंगळवारी लेणी बंद असतात, आणि तिथं सावलीत बसून अनेकांतवाद शिकवतो. हत्तीच्या गोष्टीत प्रत्येकजण खरं बोलतोय, फक्त अर्धं. सोंड धरणारा खोटारडा नाही. राशोमोनमध्ये तसं आहे का? तिथं प्रत्येकजण स्वतःला बरं दाखवायला गोष्ट वाकवतोय, लाकूडतोड्यानं तर खंजीर लपवलाय म्हणून तो आधी पूर्ण सांगतच नाही. मग ही दृष्टिकोनाची गोष्ट कमी आणि साक्षीची गोष्ट जास्त. न्यायसूत्रात शब्दप्रमाणाची, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळणाऱ्या ज्ञानाची व्याख्या आहे, आप्तोपदेशः शब्दः, आप्ताचं सांगणं म्हणजे शब्द, आणि आप्त कोण, तर ज्याला ती गोष्ट माहीत आहे आणि जशी आहे तशी सांगायची इच्छा आहे तो. राशोमोनमध्ये माहिती सगळ्यांकडं आहे, इच्छा कुणाकडं नाही. आणि कॅमेरा बघा, साक्षीदार समोर बसून बोलतात पण न्यायाधीश एकदाही दिसत नाही, त्याचा आवाज पण नाही, ते आपल्याकडं बघून बोलतात, म्हणजे निकाल आपल्यावर टाकलाय. माझ्या अकरा पानांत यातलं एक अक्षर नव्हतं, कारण मी गोष्ट पकडली होती, बसायची जागा बघितलीच नव्हती.

ज्यांना स्व आणि ओळख हा विषय आवडतो त्यांनी २०१२ चा शिप ऑफ थिसिअस बघा, अवयव बदलले तर माणूस तोच राहतो का हा प्रश्न. जहाजाच्या फळ्या बदलण्याचं कोडं प्लुटार्कनं नोंदवलंय, पण त्याच्याजवळ मिलिंदपन्ह हा पाली बौद्ध ग्रंथ ठेवा, नागसेन भिक्खू राजा मिलिंदाला विचारतो की रथ म्हणजे आस का, चाक का, सांगाडा का. बाबासाहेबांनी १९५० मध्ये छत्रपती संभाजीनगरात म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं ते मिलिंद, नाव याच मिलिंद राजाचं. त्या रस्त्यानं आपण रोज जातो.

तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो, त्याची तयारी करून जा. सिनेमा तर काल्पनिक असतो, एका काल्पनिक गोष्टीवरून काय सिद्ध होतं? उत्तर असं द्या की सिद्ध करायला एक गोष्ट पुरत नाही, पण मोडायला एक पुरते. कुणी म्हणालं सगळे हंस पांढरे, तर एक काळा हंस बास. तत्त्वज्ञ जेव्हा "माणसाला नजरेत असं वाटतं" म्हणतो तेव्हा तो सगळ्या माणसांबद्दल बोलतो, आणि सिनेमा एक माणूस असा उभा करतो की ज्याला तसं वाटत नाही, आणि तो माणूस आपल्याला पटतो. पटतो का, हे मात्र तुम्ही सीनमधून दाखवलं पाहिजे, नुसतं म्हणून चालत नाही. तत्त्वज्ञ स्वतः पण काल्पनिक गोष्टी रचतातच, प्लेटोची गुहा काय, देकार्तचा भुलवणारा सैतान काय. सिनेमा सलग युक्तिवाद करत नाही, गृहीतक-निष्कर्ष मांडत नाही, हे खरंय, ते काम तुम्हाला करायचंय, आणि ते करताना सिनेमाच्या तोंडी तुमचं वाक्य घालू नका, "दिग्दर्शकाला असं म्हणायचंय" हे तर लिहूच नका, दिग्दर्शकाला तुम्ही विचारलेलं नाही.

पेपर लिहिताना कथा दोन-तीन ओळी, त्याच्यावर एक ओळ पण नको. मग प्रश्न, एकच. मग सीन, मिनिटासकट, काय दिसतं काय ऐकू येतं. मग तत्त्वज्ञ काय म्हणतो, तुमच्या शब्दांत. मग कुठं जुळत नाही. मग तुमच्या विरोधात सगळ्यात जोरदार काय म्हणता येईल ते स्वतःच लिहा आणि त्याला उत्तर द्या, हा भाग नसेल तर पेपर म्हणजे निबंध होतो. शॉट, कट, क्लोज-अप, फ्रेम एवढे चार शब्द नीट वापरता आले तरी बास.

आता वर्गात दाखवायचं असेल तर. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या कामात फक्त स्टाफ, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसांसमोर सिनेमा दाखवायला सूट आहे, पण बाहेरचं पब्लिक बोलवायचं नाही, तिकीट तर अजिबात लावायचं नाही, आणि कॉपी नीट मार्गानं मिळवलेली असावी. वेळ सकाळी अकराची ठेवा. संध्याकाळी ठेवलं की गावाकडच्या पोरी शेवटच्या एसटीसाठी अर्ध्यातून उठून जातात आणि चर्चेत फक्त हॉस्टेलची पोरं उरतात, मी हे एक वर्ष केलं आणि निम्मा वर्ग गमावला. दोन तासांचा सिनेमा दोन दिवसांत तोडून दाखवला तरी चालतो, फक्त तोडायची जागा आधी ठरवा, लाइट जाईल तिथं तुटू देऊ नका. एप्रिलमध्ये पत्र्याच्या हॉलात दाखवू नका, घामानं कुणाचंच लक्ष लागत नाही, पावसाळ्यातच उरका.

आणि सिनेमा संपल्या संपल्या "कसा वाटला" विचारू नका. लाइट लावा, दहा मिनिटं सगळे गप्प, प्रत्येकानं एका चिठ्ठीवर लिहायचं की कुठलं एक दृश्य डोळ्यासमोर राहिलं आणि त्यातून काय प्रश्न पडला, नाव नाही लिहिलं तरी चालेल. चिठ्ठ्या गोळा करा आणि पुढचा तास त्यातल्या एका चिठ्ठीपासून सुरू करा. न बोलणारी पोरं चिठ्ठीत बोलतात. कोर्ट दाखवल्यावर आलेली एक चिठ्ठी माझ्याकडं अजून आहे, एका पोरीनं लिहिलेली, पाटोद्याकडची होती. तिनं लिहिलं होतं, आमचे आजोबा जुन्या विहिरीत उतरायच्या आधी दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडायचे, विझला तर कुणालाच उतरू द्यायचे नाहीत, हे पण अनुमान आहे ना सर, आणि वासुदेवला कंदील तरी का नव्हता. तिच्या पेपरचं पहिलं वाक्य मी तेच ठेवायला लावलं.